दहा चिजा आणि हरवलेले कागद



गेली वीसएक वर्षे मी या व्याख्यानमालेला येतो आहे, पण आजवर मागच्या रांगेतला श्रोता म्हणून. चिटणिसांनी यंदा मला व्यासपीठावर आणून उभे केले आणि विषयाची निवडही माझ्यावरच सोपवली. कामगार चळवळीतला माणूस किमान वेतनावर नाहीतर कंत्राटी पद्धतीवर बोलणार, अशी आपली समजूत झाली असेल. मी बोलणार आहे ते ब्राझील देशातल्या एका वाद्यवृंदरचनाकाराविषयी आणि १९६५ साली निघालेल्या त्याच्या एका ध्वनिमुद्रिकेविषयी. माझे शालेय शिक्षण दहावीपर्यंतचे. संगीतशास्त्रातले मला काही कळते, असा माझा दावा नाही. तरीही हा विषय का घेतला, ते शेवटपर्यंत बसलात तर आपोआप ध्यानात येईल.

प्रथम ही ओळख कशी झाली ते सांगतो. लगीनसराईत वाजवणाऱ्या बॅण्डवाल्यांची संघटना बांधावी म्हणून काही वर्षांपूर्वी मी मिरज-कोल्हापूर भागात फिरत होतो. सुपारी मालक घेतो, बयाणा मालकाच्या खिशात जातो, आणि चार महिने उन्हात चालत वाजवणाऱ्याला हंगाम संपला की कोणी विचारीत नाही. अशा एका बैठकीनंतर एक तरुण क्लॅरोनेटवाला माझ्याजवळ आला, मोबाइल माझ्या कानाशी धरला आणि म्हणाला, "काका, हे ऐका. हाही आपल्यासारखा बॅण्डवालाच होता." खर्जातली दोन-तीन वाद्ये एकच चाल पुन्हा पुन्हा चालत होती, जड ओझे घेतलेली माणसे पाऊल जुळवून चालतात तशी; आणि त्यांच्यावरून एक साधी, उदास धून जात होती. नाव विचारले. तो म्हणाला, मोआसीर सांतुस. त्या रात्री एस.टी.त बसल्यावर ते नाव मी वहीत लिहून ठेवले.

ब्राझील हा देश आपल्याला वाटतो तितका परका नाही. आपण महिन्याच्या अखेरीस ज्याची वाट पाहतो तो 'पगार' हा शब्द पोर्तुगीज आहे, आणि मोआसीर ज्या भाषेत लहानाचा मोठा झाला तीही पोर्तुगीजच. कोकणातला काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगिजांनी तो गोव्यात आणला आणि त्याचे नावही तिकडच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आले. एकाच सत्तेच्या गलबतांनी हे दोन किनारे जोडले होते. मात्र त्याच सत्तेच्या गलबतांनी आफ्रिकेतून माणसेही भरून नेली आणि ब्राझीलमध्ये उसाच्या मळ्यांवर विकली. गुलामगिरी कायद्याने बंद करण्यात अमेरिका खंडांतले सर्व देश पुढे गेले. ब्राझीलने ती सर्वांत शेवटी, १८८८ साली बंद केली. मोआसीर सांतुसचा जन्म २६ जुलै १९२६ चा. म्हणजे गुलामगिरी संपून पुरी चाळीस वर्षेही झाली नव्हती, अशा काळात ईशान्य ब्राझीलच्या पेर्नांबुको प्रांतात, अवर्षणग्रस्त अंतर्भागातल्या एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात हे मूल जन्माला आले.

आई लहानपणीच गेली. फ्लोरेस नावाच्या छोट्या गावात दुसऱ्यांच्या घरी तो वाढला. त्या गावाला एक बॅण्ड होता. आपल्याकडे गावाला जशी तालीम असते आणि भजनी मंडळ असते, तसा त्या भागात गावोगाव बॅण्ड असे. त्या बॅण्डात या पोराने हाताला लागेल ते वाद्य शिकून घेतले. चौदाव्या वर्षी तो घरातून पळाला. पुढची काही वर्षे या गावातून त्या गावात, या बॅण्डातून त्या बॅण्डात. १९४५ च्या सुमारास तो पाराइबा प्रांताच्या राजधानीत, जुआंव पेसोआ शहरात, पोलीस दलाच्या बॅण्डात लागला. पुढे तिथल्याच रेडिओ ताबाजारा या केंद्रावर वाद्यवृंदाचे नेतृत्व करू लागला. येथून पुढे त्याला 'तो' म्हणणे मला प्रशस्त वाटत नाही. यापुढे 'ते' म्हणतो.

१९४८ साली मोआसीर रिओ द जानेरोला आले आणि रेडिओ नासिओनाल या केंद्रावर सॅक्सोफोनवादक म्हणून नोकरीला लागले. हे केंद्र १९३६ साली सुरू झाले आणि १९४० मध्ये सरकारने ते ताब्यात घेतले. दूरचित्रवाणी घरोघर पोचण्यापूर्वी साऱ्या देशाचा कान या एका केंद्राला लागलेला असे, आणि तिथे पगारी वादकांचे मोठे ताफे होते. १९५१ साली त्यांना तिथे वाद्यवृंदरचनाकार व संचालक म्हणून बढती मिळाली. रादामेस न्यातालींसारख्या नामांकित संचालकांच्या पंक्तीला बॅण्डातून आलेला हा काळा माणूस जाऊन बसला.

आता वाद्यवृंदरचनाकार म्हणजे नक्की कोण, हे सांगायला हवे, कारण माझा सारा मुद्दा त्यावर उभा आहे. मी युनियनमध्ये येण्यापूर्वी एका फौंड्रीच्या पॅटर्न-शॉपमध्ये हेल्पर होतो. बिडाचा एखादा नग ओतायचा असला म्हणजे आधी त्याचे लाकडी रूप करावे लागते. ते वाळूत दाबून पोकळी तयार होते आणि पोकळीत रस ओतला जातो. बीड थंड होताना आकसते, म्हणून लाकडी पॅटर्न मूळ मापापेक्षा शेकड्याला सुमारे एक भाग मोठा ठेवतात. त्यासाठी पॅटर्नवाल्याची मोजपट्टीच वेगळी असते. पॅटर्न बिघडला तर रस कितीही चांगला असो, नग भंगारात जातो. पण तयार नगावर नाव उठते ते कारखान्याचे. पॅटर्न करणाऱ्याचे नाव कुठेच नसते.

संगीतातला वाद्यवृंदरचनाकार हा असा पॅटर्नवाला असतो. धून कोणी एक बांधतो, गातो कोणी दुसरा. पण त्या धुनेमागे कोणते वाद्य कधी यावे, खर्जात काय चालावे, चार शिंगवाद्यांनी चार निरनिराळे स्वर धरल्यावर त्यांचा मिळून कोणता रंग व्हावा, हे सर्व हा माणूस आधी मनात ऐकतो आणि मग प्रत्येक वादकासाठी वेगळा कागद लिहितो. वीस वादक असतील तर कागदही वीस. तबकडीवर गायकाचे नाव ठळक अक्षरांत छापतात; हा कागद लिहिणारा बहुधा बारीक अक्षरात सापडतो, पुष्कळदा सापडतच नाही.

मोआसीर एवढ्यावर थांबले नाहीत. नोकरी सांभाळून ते शिकत राहिले. गेर्रा-पेइशे आणि क्लाउदिओ सांतोरो हे त्यांचे गुरू. आणखी एक गुरू म्हणजे हान्स-योआखिम क्योलरॉयटर. हा जर्मन संगीतज्ञ १९३७ साली नाझी राजवटीतून निघून ब्राझीलमध्ये आला होता. पुढे १९६५ ते १९६९ या काळात तो आपल्या दिल्लीत होता, तिथल्या मॅक्सम्युलर भवनाचा प्रमुख म्हणून. दिल्लीत त्याने पाश्चात्त्य संगीताची शाळाही उभी केली. त्याच्या हाताखाली मोआसीर आधी विद्यार्थी होते, नंतर साहाय्यक झाले. पुढे त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्यांत गिटारवादक बादेन पॉवेल होते, गायिका नारा लिआंव होत्या, क्लॅरोनेट-सॅक्सोफोनवादक पाउलो मोउरा होते. १९५९ नंतर जगभर गाजलेल्या 'बोसा नोवा' या नव्या मृदू संगीताच्या पिढीतली कितीतरी मुले यांच्या दिवाणखान्यात स्वरसंगतीचे धडे गिरवून गेली. विनिसियुस द मोराइस या कवीने तर आपल्या एका गाण्यात थोर संगीतकारांना वंदन करताना यांचे नाव आवर्जून घेतले आहे. जाणत्यांना हा माणूस माहीत होता. रस्त्यावरच्या माणसाला नव्हता.

१९६० नंतर ब्राझीलमध्ये तरुण दिग्दर्शकांनी गरिबांचे, गुलामांचे, दुष्काळाचे चित्रपट काढायला सुरुवात केली. कार्लोस दिएगेस यांच्या 'गंगा झुंबा' या १९६३ च्या चित्रपटाला संगीत मोआसीर यांचे. गंगा झुंबा हा सतराव्या शतकातल्या पाल्मारेस या वसाहतीचा पुढारी. मळ्यांवरून पळालेल्या गुलामांनी रानात उभारलेले हे राज्य पोर्तुगीज फौजांना कित्येक दशके पुरून उरले. १६९४ मध्ये ते पाडले गेले. तो सारा मुलूख त्या वेळी पेर्नांबुकोचाच भाग होता. म्हणजे पेर्नांबुकोच्या कृष्णवर्णीय पोराने आपल्याच पूर्वजांच्या बंडाला सूर दिले. त्यातली 'नना' ही धून सर्वांत गाजली. नना ही आफ्रिकेतून आलेल्या गुलामांनी जिवापाड जपलेली एक वृद्ध देवता. या धुनेवर पुढे मारिओ तेलेस यांनी शब्द बसवले आणि अनेकांनी ती गायली-वाजवली.

३१ मार्च १९६४ रोजी लष्कराने हालचाल केली आणि दोन दिवसांत निवडून आलेले सरकार गेले. रेडिओ नासिओनालमधून अनेक कलावंतांना व कर्मचाऱ्यांना काढून टाकण्यात आले. कामगार संघटनांवर सरकारी माणसे बसवली गेली. त्या दिवसांत, १९६५ साली, फोर्मा नावाच्या एका छोट्या ध्वनिमुद्रिका कंपनीने मोआसीर यांच्या स्वतःच्या नावाची पहिली तबकडी काढली. तिचे नाव 'कोइझास'. पोर्तुगीजमध्ये कोइझा म्हणजे वस्तू, चीज.

या नावामागे एक हकीकत आहे. युरोपातले मोठे रचनाकार आपल्या कृतींना 'ऑपस' म्हणतात आणि त्यापुढे क्रमांक घालतात. मोआसीर यांना क्रमांक आवडला, पण 'ऑपस' हा शब्द थोरांचा, आपल्या कामाला तो शोभणार नाही, असे त्यांना वाटले. म्हणून त्यांनी आपल्या रचनांना नुसते 'कोइझा' म्हटले: कोइझा क्रमांक १, कोइझा क्रमांक २, असे दहापर्यंत. हे वाचले तेव्हा मला हसू आले. आपल्याकडचे गवई बंदिशीला काय म्हणतात? चीज! 'अमक्या रागातली चीज म्हणा,' असेच आपण म्हणतो. दोन दूरच्या देशांतल्या कारागिरांना आपल्या कामासाठी सापडलेला शब्द अर्थाने एकच निघाला. तेव्हा मीही त्यांना दहा चिजाच म्हणणार.

या तबकडीवर गायक नाही, शब्द नाहीत. बासरी, सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन, हॉर्न, चेलो, गिटार, पियानो, तालवाद्ये. आणि खर्जातला सॅक्सोफोन स्वतः मोआसीर यांच्या हाती. चिजांचा क्रमही सरळ नाही. आरंभ चौथ्या चिजेने होतो, मग दहावी, मग पाचवी म्हणजे 'नना', आणि शेवटी आठवी. मिरजेत मी ऐकली ती ही चौथीच. त्या काळी अशा शब्दाविना वाजणाऱ्या तबकड्या 'ऐकायला सोपे' या सदरात धरल्या जात. जेवणाच्या वेळी मागे लावून ठेवावे, बोलणे चालू असावे, असे ते संगीत. या दहा चिजाही ऐकायला सोप्याच आहेत. एकही धून अशी नाही की जी गुणगुणता येणार नाही. पण खाली खर्जात जे चालले आहे त्याकडे कान गेला की हातातला घास तसाच राहतो. मिरवणूक आहे, ओझे आहे, साखळी आहे, आणि ती तोडून रानात गेलेल्या माणसांची चालही आहे. लष्करी राजवटीत शब्दांवर पहारा बसतो, खर्जावर बसत नाही.

१९६७ साली मोआसीर अमेरिकेला गेले आणि कॅलिफोर्नियातल्या पासाडेना शहरात स्थायिक झाले. पोटासाठी शिकवण्या केल्या. चित्रपटांसाठी दुसऱ्यांच्या नावावर जाणारे संगीतही लिहून दिले. आमच्या भाषेत सांगायचे तर मस्टरवर नाव नसलेला कामगार. १९७२ ते १९७५ या काळात ब्लू नोट या नामांकित कंपनीने त्यांच्या तीन तबकड्या काढल्या. जाझच्या जाणकारांनी त्या वाखाणल्या. पण मायदेशात ती १९६५ ची तबकडी बाजारातून गेली. फोर्मा कंपनी मोठ्या कंपनीच्या पोटात गेली. आणि वीस वादकांसाठी लिहिलेले ते कागद, त्या दहा चिजांच्या मूळ लिखित प्रती, हरवल्या.

पाऊणशे वर्षांच्या म्हाताऱ्या संगीतकाराला त्याचे काम परत मिळाले ते दोन वादकांमुळे. मारिओ आद्नेत हे गिटारवादक आणि झे नोगेइरा हे सॅक्सोफोनवादक. या दोघांनी जुनी तबकडी पुन्हा पुन्हा लावून, एकेका वाद्याचा स्वर कानाने वेगळा काढून, कागद नव्याने लिहिले. हे काम किती अवघड असेल, ते मला पॅटर्न-शॉपमुळे कळते. कधी कधी जुन्या यंत्राचा भाग तुटून येतो. त्याचे ड्रॉइंग नसते, पॅटर्नही नसतो. मग तो झिजलेला नगच मोजावा लागतो. झीज किती, आकसलेले किती, घासलेले किती, हे अनुभवाने मिळवून मूळ पॅटर्न काय असेल ते ठरवावे लागते. चार शिंगे एकदम वाजत असताना तिसऱ्याने कोणता स्वर धरला आहे हे ओळखणे त्याच जातीचे काम. यातून २००१ साली 'ओरू नेग्रू', म्हणजे 'काळे सोने', नावाचा दोन तबकड्यांचा संच निघाला. २८ रचना, नवे वादक आणि गाण्यासाठी मिल्टन नासिमेंतू, जिल्बेर्तो जील यांच्यासारखी बडी मंडळी. त्यानंतर २००४ मध्ये मूळ 'कोइझास'ही पुन्हा बाजारात आली, २००५ मध्ये त्यांच्या रचना स्वरलिपीत छापून पुस्तकरूपाने निघाल्या. ६ ऑगस्ट २००६ रोजी, ऐंशी वर्षे पुरी करून, मोआसीर सांतुस पासाडेनात वारले.

याच फोर्मा कंपनीने त्याआधी, १९६४ साली, एउमीर देओदातो या तरुण रचनाकाराचीही पहिली तबकडी काढली होती. जोबीं या संगीतकाराच्या धुनांवरची, मऊ आणि सुरेल. देओदातोही १९६७ सालीच अमेरिकेला गेले. तिथे १९७३ मध्ये त्यांची एक तबकडी तुफान खपली आणि नाव झाले. नाव झाल्यावर लोक त्यांच्या आरंभीच्या तबकड्या हुडकू लागले. हा शोध पुढून मागे गेला. त्याला कीर्तीचा कंदील होता. मोआसीर यांच्या वाट्याला तसा कंदील नव्हता. त्यांना शोधले ते त्यांच्याच धंद्यातल्या माणसांनी, अंधारात हाताने चाचपडत. माझ्या मते दुसऱ्या प्रकारचा शोध अधिक मोलाचा, कारण त्यात शोधणाऱ्याला कामाची किंमत आधी कळलेली असते.

हे ऐकताना आपल्या मनात मुंबईचे चित्रपटसंगीत आले असेल. गोव्याच्या गावागावांतल्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेली मुले मुंबईला आली आणि त्यांनी हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांचे कागद लिहिले. सी. रामचंद्रांच्या बरोबर चिक चॉकलेट होते, शंकर-जयकिशन यांच्या बरोबर सेबास्टियन डिसोझा होते. श्रेयनामावलीत त्यांची बोळवण बहुधा 'साहाय्यक' या एका शब्दावर होई. मोआसीर यांच्या पुढच्याच वर्षी, १९२७ साली, गोव्यातल्या माजोर्डा गावी जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांचे शिक्षक. १९५८ मध्ये भारतीय रागांवर पाश्चात्त्य वाद्यवृंद उभा करण्याचा प्रयोग त्यांनी मुंबईत केला. १९६० च्या दशकाच्या मध्यावर तेही अमेरिकेला गेले. परतल्यावर गोव्यात राहिले आणि २०१२ मध्ये वारले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यात शिष्याने गुरूचे नाव घातले, म्हणून ते नाव साऱ्या हिंदुस्थानच्या तोंडी आहे. पण त्या नावाचा खराखुरा माणूस होता, आणि तो व्हायोलिन शिकवीत असे, हे किती जणांना ठाऊक आहे?

आता माझ्या मिस्त्रींची गोष्ट सांगून संपवतो. ज्या मिस्त्रींच्या हाताखाली मी लाकूड तासायला शिकलो, त्यांनी एकाच फौंड्रीत सत्तावीस वर्षे काढली. फौंड्री बंद पडली तेव्हा मस्टरवर त्यांचे नाव निघाले नाही. सगळी वर्षे ते कंत्राटदाराचे माणूस म्हणून दाखवलेले. मी तेव्हा युनियनमध्ये नवा होतो. मिस्त्रींना सवय होती: प्रत्येक पॅटर्नच्या तळाशी, जिथे कोणी पाहत नाही अशा जागी, पटाशीने तीन रेघांची एक खूण करायची. आम्ही भंगारवाल्याकडून त्यांचे अकरा पॅटर्न सोडवून आणले आणि कोर्टात नेऊन मांडले. समोरच्या वकिलांनी ते हातात घेऊन पाहिले आणि म्हणाले, "काम उत्तम आहे, वाद नाही. पण हे किती दिवस केले, ते यावर कुठे लिहिले आहे?" तेव्हाच्या कायद्यात वर्षाला २४० दिवसांची हजेरी दाखवावी लागे. अखेर तडजोड झाली. हक्काचे होते त्याच्या निम्म्याहून कमी हाती आले. मिस्त्री मला एवढेच म्हणाले, "खूण ओळखली ना त्यांनी? मग झाले."

मित्रहो, मला ते तेव्हाही 'झाले' वाटले नाही, आजही वाटत नाही. काम ओळखले जाणे आणि कामाचा मोबदला मिळणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. 'काळे सोने' निघाले याचा आनंद आहे; पण मधली छत्तीस वर्षे कोणी परत केली नाहीत. मृत्यूपूर्वी आपले काम पुन्हा ऐकायला मिळाले, एवढ्यापुरते मोआसीर भाग्यवान. बहुतेकांना तेही मिळत नाही.

म्हणून माझे मागणे दोन आहे, आणि दोन्ही लहान आहेत. या गावात जे बॅण्ड झाले, नाटक कंपन्यांत जे ऑर्गन आणि क्लॅरोनेट वाजवणारे झाले, त्यांची नावे जाणणारी माणसे अजून हयात आहेत. वाचनालयात एक वही ठेवू या आणि ती नावे लिहून घेऊ या, सालासकट, वाद्यासकट. आणि दुसरे, पुढच्या लग्नात बॅण्ड ठरवाल तेव्हा मालकाला विचारा, वाजवणाऱ्यांची हजेरी लिहिता का? तळाची खूण पुढे कधीतरी कोणी ओळखील. हजेरीपुस्तकातली ओळ मात्र आजच लिहावी लागते.